आमच्या वाट्याच्या नफ्याचं काय करायचं, ते आम्हाला ठरवू द्या : संचालक मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य

विषय : यंदाचा लाभांश रद्द करण्याचा निर्णय

सविनय नमस्कार.

मी तुमच्या कंपनीची भागधारक आहे. माझ्या नावावर ३०३ शेअर आहेत आणि आईच्या नावावर १,२००. कंपनीच्या एकूण भांडवलात हा हिस्सा किती नगण्य आहे, याची मला कल्पना आहे. जून आणि जुलैमध्ये मी कंपनी सचिवांना ई-मेल केल्या. दोन्ही वेळा एका ओळीचं उत्तर आलं, की मुद्द्यांची नोंद घेतली आहे. ऑगस्टच्या वार्षिक सभेतही तेच ऐकलं. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. फोलिओ क्रमांक आणि सहीसह याची प्रत स्पीड पोस्टाने तुमच्या नोंदणीकृत कार्यालयाकडे पाठवली आहे. इथे कंपनीचं नाव घातलेलं नाही. हा प्रश्न एका कंपनीचा नाही, आणि या कंपनीबद्दल आमच्या घरात आजही जिव्हाळा आहे.

माझे बाबा तुमच्या मशीन शॉपमध्ये एकतीस वर्षं टर्नर होते. पहिले शंभर शेअर त्यांनी सोसायटीतून कर्ज काढून घेतले. पुढे बोनस शेअर मिळत आणि शेअरचं विभाजन होत होत त्यांचे पंधराशे झाले. त्या काळी लाभांशाचं वॉरंट, म्हणजे एक प्रकारचा चेक, टपालाने यायचं, बहुतेक गणपतीच्या आगेमागे. बाबा ते बँकेत भरायचे आणि त्याचा अर्धा तुकडा चिंचवडच्या घरात पत्र्याच्या पेटीत तारखेनुसार ठेवायचे. १९८२ साली पुण्याचा स्वतःचा शेअर बाजार सुरू झाला. तो कुमठेकर रस्त्यावर होता तेव्हा बाबा सुट्टीच्या दिवशी कधी त्या बाजूला गेले, तर एखाद्या दलालाकडे भाव विचारून यायचे. विकायला म्हणून कधीच गेले नाहीत. शेअर ठेवायचा आणि त्याचा लाभांश घ्यायचा, एवढंच त्यांचं गणित होतं. त्याच पैशांतून माझी कॉलेजची फी गेली. आज मी भोसरीतल्या एका छोट्या कारखान्याचे हिशेब बघते, त्यामुळे ताळेबंद वाचता येतो. तुमचा वाचला, आणि म्हणूनच गप्प बसवत नाही.

मे महिन्यात निकालांबरोबर तुम्ही जाहीर केलं, की यंदा लाभांश नाही. गेल्या वर्षी शेअरमागे २४ रुपये होते. यंदा नफा घटलेला नाही, उलट वाढला आहे. कारण असं दिलंत, की सगळा नफा कंपनीतच पुन्हा गुंतवला जाईल आणि दीर्घ मुदतीत त्यात भागधारकांचंच हित आहे. बारा वर्षांत एकदाही न तुटलेला लाभांश असा थांबला. करोनाच्या वर्षातही तुम्ही थोडा का होईना दिला होता.

मी लाभांशाची अंधभक्त नाही. लाभांश म्हणजे फुकटचा पैसा नव्हे. रेकॉर्ड डेट (लाभांश कोणाला मिळणार हे ज्या तारखेच्या नोंदीवरून ठरतं ती) आली की शेअरचा भाव साधारण तेवढ्याने खाली येतो, कारण कंपनीच्या तिजोरीतले तेवढे पैसे बाहेर गेलेले असतात. म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सेबी या बाजाराच्या नियामक संस्थेने एप्रिल २०२१ पासून ‘डिव्हिडंड’ या पर्यायाचं नावच बदलायला लावलं, आणि त्यात ‘भांडवलातून काढलेली रक्कम’ हा अर्थ उघड आणला, तोही याचसाठी. पैसे कंपनीत राहिले काय आणि खात्यात आले काय, ते आमचेच. मुद्दा एवढाच, की ते कुठे राहिले तर जास्त उपयोगी पडतात, आणि हे ठरवायचं कोणी.

आमच्याच घरचा हिशेब मांडते.

गेल्या वर्षी मला ७,२०० रुपये लाभांश मिळाला. मी जुन्या करपद्धतीत २० टक्क्यांच्या टप्प्यात येते, उपकर धरून २०.८ टक्के. म्हणजे हातात राहिले ५,७०२. मला या पैशांची आज गरज नाही, मी दर वर्षी त्यांचे तुमचेच शेअर घेते. भाव तेव्हा १,४८० होता. तीन शेअर आले, वर १,२६२ रुपये उरले आणि बचत खात्यात पडून राहिले, कारण आपल्याकडे पाऊण शेअर विकत मिळत नाही. अमेरिकेत अनेक कंपन्यांच्या योजनांमध्ये लाभांशाचे आपोआप शेअर होतात, अगदी अपूर्णांकातसुद्धा. आपल्याकडे कंपनी कायदा २०१३ चं कलम १२३ लाभांश रोखच द्यायला सांगतं, त्यामुळे पुनर्गुंतवणूक ज्याची त्याने हाताने करायची. तरीही मी करते, कारण चक्रवाढीचा जोर मला कळतो. शेअरवर वर्षाला ३ टक्के लाभांश मिळतो आणि तो सगळा त्याच भावपातळीला पुन्हा शेअरमध्ये घातला असं धरलं, तर कर न लागणाऱ्या माणसाच्या १०० शेअरचे वीस वर्षांत १८० होतात. माझ्यासारखीच्या हाती कर वजा जाता १६० येतात. मधले वीस शेअर करात जातात.

या हिशेबाने, तुम्ही नफा कंपनीतच ठेवला तर माझा फायदा व्हायला हवा. वाटेत लागणारा कर वाचतो. पुढे कधी शेअर विकले तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के, तेही वर्षाला सव्वा लाखाच्या वर गेल्यासच. २०२० पर्यंत कंपनीच लाभांश वितरण कर भरायची. तो गेला आणि लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरला जाऊ लागला, तेव्हापासून माझ्यासारख्यांसाठी रोख लाभांश महाग झाला आहे. हे मी मोकळेपणाने मान्य करते.

आता आईचा हिशेब. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. बाबा गेल्यावर ईपीएस-९५ या कामगारांच्या पेन्शन योजनेतून तिला विधवा पेन्शन मिळते, महिना १,३४० रुपये. बाकी थोडं मुदतठेवीचं व्याज. तिचं एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खूप खाली आहे, त्यामुळे तुमच्या २८,८०० रुपयांवर तिला कर लागत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या, वर्षातून दोनदा डोळ्यांची तपासणी, सोसायटीचा देखभाल खर्च आणि गौरींचा सण त्यातून होतो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, तिला पैसे लागतात. मी देऊ शकते आणि देतेही. पण मुलीकडून पैसे घेताना तिचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं आहे. आणि हे पैसे तर तिच्याच शेअरचे होते.

एका घरात, एकाच कंपनीचे शेअर, आणि दोघींची उत्तरं उलटी. तुमच्या निर्णयाने दोघींसाठी एकच उत्तर ठरवून टाकलं.

बरं, ते उत्तर निदान माझ्या बाजूचं तरी आहे का? नाही. मी तुमच्या ताळेबंदाच्या टिपा वाचल्या. राखून ठेवलेला पैसा यंत्रांत गेलेला नाही, नव्या शेडमध्ये नाही, संशोधनात नाही. तो लिक्विड फंडांत (थोड्या मुदतीसाठी पैसे ठेवायच्या म्युच्युअल फंडांत) आणि बँकेच्या ठेवींमध्ये आहे. तिथली रक्कम गेली तीन वर्षं वाढतेच आहे. चाकणला नवा कारखाना उभा राहत असता तर हे पत्र लिहिलंच नसतं. बाबांच्या नोकरीच्या काळात एकदा लाभांश निम्म्यावर आला होता, नवं मशीन शॉप बांधायचं होतं म्हणून. बाबांनी ती बातमी घरी आनंदाने सांगितली होती. मशीनं कुठून येणार, कधी येणार, किती माणसं लागणार, हे त्यांना माहीत होतं. यंदाच्या अहवालात मला एवढंच सापडलं, की विकासाच्या भावी संधींसाठी निधी राखला आहे. कुठली संधी, किती खर्च, किती वर्षं, परतावा किती अपेक्षित, यातलं काहीही नाही.

ठेवीतल्या पैशाचं काय होतं ते सोप्या आकड्यांत सांगते. बँकेने ७ टक्के दिले असं धरू. तुमच्यासारखी कंपनी सवलतीच्या दराने कर भरत असली तरी अधिभार आणि उपकर धरून तो २५.१७ टक्के होतो. हातात उरतात ५.२४ टक्के. आईने तेच पैसे पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर आज ८.२ टक्के व्याज मिळतं, दर तिमाहीला खात्यात जमा होतं, आणि तिला त्यावर काहीच कर लागत नाही. म्हणजे तुम्ही तिच्या वतीने तिचे पैसे अशा ठिकाणी गुंतवले, जिथे तिला स्वतःला मिळालं असतं त्याहून कमी मिळतं. याला तिचं हित कसं म्हणायचं, हे मला कोणीतरी समजावून सांगावं.

सभेत तुमच्या वित्त विभागाच्या अधिकाऱ्यांनी यावर सांगितलं, की रोख हवी असणाऱ्यांनी थोडे शेअर विकावेत, घरच्या घरी लाभांश तयार होईल. हा विचार जुना आहे आणि मला तो टाकाऊ वाटत नाही. मोदिग्लियानी आणि मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ मध्येच दाखवून दिलं होतं, की कर नसेल, व्यवहाराचा खर्च नसेल आणि आतल्या-बाहेरच्यांना सारखीच माहिती असेल, तर लाभांश दिल्या-न दिल्याने भागधारकाच्या संपत्तीत फरक पडत नाही. पण त्या तिन्ही अटी आमच्या दारात येऊन मोडतात. करातला फरक वर सांगितला. माहितीतली तफावत हेच तर या पत्राचं मूळ आहे. राहिला शेअर विकण्याचा खर्च, आणि तो दलाली आणि डीमॅटच्या शुल्काएवढाच नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला मोबाइलवर पिन, ओटीपी, ऑर्डर हे सगळं करावं लागतं, नाहीतर दुसऱ्याच्या हाती द्यावं लागतं. शिवाय मेमधल्या घोषणेनंतर भाव १,४८० वरून १,२१० वर आला. आधी वीस शेअर विकून जे भागलं असतं, त्याला आता चोवीस लागतात. पडत्या भावात विकलेले शेअर परत येत नाहीत, आणि पुढच्या वर्षी लाभांश सुरू झालाच तर तो कमी शेअरवर मिळतो. लाभांशात निदान शेअरची संख्या शाबूत राहते.

आणखी एक. लाभांश हा लहान भागधारकासाठी कंपनीच्या तब्येतीचा पुरावा असतो. नफ्याचा आकडा हिशेबाच्या पद्धतीवर बराच हलतो. येणी वसूल झालेली नसली तरी नफा दिसू शकतो. खात्यात जमा झालेले २४ रुपये मात्र खरेच असावे लागतात. बाबा ताळेबंद वाचत नव्हते, पेटीतले अर्धे तुकडे बघून त्यांना अंदाज यायचा.

माझ्या इतर तक्रारी थोडक्यात लिहिते, पण त्या कमी महत्त्वाच्या नाहीत.

कंपनीच्या संकेतस्थळावर तुमचं लाभांश वितरण धोरण आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना ते सेबीच्या नियम ४३अ नुसार ठेवावंच लागतं. त्यात तुम्ही नफ्याच्या ३० ते ४० टक्के देऊ असं म्हटलं आहे. धोरण किंवा त्यातले निकष बदलायचे असतील, तर ते बदल आणि त्यांची कारणं वार्षिक अहवालात आणि संकेतस्थळावर द्यावीत असं हाच नियम सांगतो. मला ती दोन्हीकडे दिसली नाहीत. असतील तर पान क्रमांक कळवावा, मी हा परिच्छेद मागे घेईन.

पूर्णवेळ संचालकांना नफ्यावरचं कमिशन यंदाही मिळालं, आणि रोख मिळालं. कायद्याच्या मर्यादेत आहे, त्याला माझी हरकत नाही. पण नफा कंपनीतच राहण्यात सगळ्यांचं हित असेल, तर तो नियम फक्त भागधारकांनाच का?

सभेत लाभांशाचा मुद्दा मांडून उपयोग नसतो, हे बऱ्याच भागधारकांना ठाऊक नसतं. संचालक मंडळाने सुचवलेल्या रकमेपेक्षा जास्त लाभांश सर्वसाधारण सभेला मंजूर करता येत नाही. मंडळाने शून्य म्हटलं की शून्य. म्हणजे या एका बाबतीत आमचं मत मुळात चालतच नाही, म्हणून तुमची उत्तर देण्याची जबाबदारी वाढते. त्यात सभाही २०२० पासून पडद्यावर, म्हणजे ऑनलाइन. पूर्वी ती कारखान्याच्या सभागृहात व्हायची, बाबा इस्त्रीचा शर्ट घालून जायचे, अध्यक्षांना समोरासमोर प्रश्न विचारायचे आणि उत्तर ऐकून यायचे. यंदा मला दोन मिनिटं मिळाली. उत्तर देताना पाच जणांचे प्रश्न एकत्र केले आणि माझा त्यात हरवला.

गेल्या वर्षीची टीडीएसची, म्हणजे लाभांश देतानाच कापलेल्या कराची, गोष्टही अजून मिटलेली नाही. लाभांश किती रुपयांच्या वर गेला की कर कापायचा, ती मर्यादा तेव्हा ५,००० रुपयांची होती (एप्रिल २०२५ पासून ती १०,००० झाली आहे). आईचा १५एच अर्ज (उत्पन्न करपात्र नाही, कर कापू नका, असं सांगणारा ज्येष्ठांचा अर्ज) तुमच्या रजिस्ट्रारच्या, म्हणजे भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर वेळेत भरला होता, त्याची पोच माझ्याकडे आहे. तरी २,८८० रुपये कापले गेले. परतावा मिळवण्यासाठी तिला आयकर विवरणपत्र भरावं लागलं. माझ्यामुळे ते झालं. तुमच्याकडून निवृत्त झालेल्या आणि हिशेब कळणारी मुलगी नसलेल्या माणसांनी काय करायचं?

माझ्या मागण्या अशा आहेत.

एक, हातातल्या कामापुरती आणि आणीबाणीपुरती रोख किती लागते ते जाहीर करा, आणि तिच्या वरचा जो पैसा ठेवींत आहे त्यातून या आर्थिक वर्षात अंतरिम लाभांश, म्हणजे वर्ष संपण्याआधीच दिला जाणारा लाभांश, द्या. कलम १२३ नुसार अंतरिम लाभांश मंडळ स्वतःच जाहीर करू शकतं, सभेची वाट पाहायची गरज नाही. गेल्या वर्षीएवढाच द्या असा माझा आग्रह नाही. तुमच्याच धोरणातली खालची मर्यादा, ३० टक्के, पाळा.

दोन, राखून ठेवलेला नफा कशासाठी आहे हे प्रकल्पाच्या नावासह, खर्चासह आणि मुदतीसह सांगा. दर वर्षी अहवालात एक पान द्या : गेल्या पाच वर्षांत राखलेल्या प्रत्येक १०० रुपयांवर कंपनीने काय कमावलं. ते उत्पन्न ठेवीच्या व्याजाहून ठळकपणे जास्त असेल, तर मी स्वतः आईला समजावीन.

तीन, पुनर्गुंतवणूक हवी असणाऱ्यांना ती सोपी करून द्या. आजच्या कायद्यात तुम्ही लाभांशाऐवजी शेअर देऊ शकत नाही, हे मान्य. पण सही करून मागणाऱ्याच्या लाभांशातून बाजारभावाने शेअर घेण्याची सोय एखाद्या दलालाशी करार करून, कमी खर्चात, करता येईल का ते तपासा. अपूर्णांकातल्या शेअरना परवानगी द्यावी अशी शिफारस कंपनी कायदा समितीने २०२२ च्या अहवालात केली आहे. त्यासाठी उद्योग संघटनांमार्फत केंद्र सरकारकडे पाठपुरावा करा, तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे. रोख हवी त्याला रोख, शेअर हवे त्याला शेअर. म्युच्युअल फंडाचा साधा गुंतवणूकदार अर्ज भरताना हा पर्याय निवडतो, शेअरच्या मालकाला तो असू नये हे पटत नाही.

चार, पुढची वार्षिक सभा पुण्यात प्रत्यक्ष घ्या, सोबत पडद्याची सोय असू द्या. बाहेरगावच्यांना पडदा सोयीचा आहे, तो काढू नका.

पाच, १५एच भरूनही ज्यांचा कर कापला गेला अशा भागधारकांची यादी रजिस्ट्रारकडून मागवा, आणि हे कसं झालं ते त्यांना लेखी कळवा. त्याच यादीबरोबर एक काम आणखी करा. ज्या जुन्या कामगारांचे लाभांश पत्ता बदलल्यामुळे पडून आहेत त्यांना शोधा. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही तर लाभांशाबरोबर शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातात, आणि तिथून ते सोडवून आणणं म्हाताऱ्या माणसाच्या आवाक्यातलं काम नाही. कंपनीच्या जुन्या वसाहतीचा पत्ता अजून फोलिओवर असलेली चार कुटुंबं एकट्या आमच्या गल्लीत आहेत. त्यांना मी सांगितलं आहे. बाकीच्यांना तुम्ही सांगा, तुमच्याकडे त्यांचे हजेरीपट आहेत.

हे पत्र वाचणाऱ्या इतर भागधारकांना एक विनंती. तुमची कंपनी कुठलीही असो, तिचं लाभांश धोरण एकदा शोधून वाचा, आणि राखलेला पैसा ताळेबंदात कुठे आहे ते पाहा. काम अर्ध्या तासाचं आहे. तुम्हाला रोख हवी की पुनर्गुंतवणूक, हे ठरवताना आधी स्वतःचा कराचा टप्पा आणि पुढच्या पाच वर्षांतला खर्च कागदावर लिहून काढा. शेजाऱ्याचं उत्तर तुमचं असेलच असं नाही. आमच्या घरात तर आईचं आणि मुलीचंही एक नाही.

संचालक महोदय, शेअर विकून बाहेर पडा, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. तूर्त विकणार नाही. पुढच्या तिमाहीचे निकाल नोव्हेंबरमध्ये येतील, अंतरिम लाभांशाचा निर्णय त्याच बैठकीत घेता येईल. तोपर्यंत वाट पाहीन. उत्तर कृपया मराठीत पाठवावं, म्हणजे आईला ते स्वतः वाचता येईल.

आपली,
एक भागधारक
चिंचवडगाव, पुणे
सप्टेंबर २०२५